आईच्या टू डी इकोत 'एलए डायलेटेड' आलंय, हृदयाचे वरचे कप्पे मोठे कशामुळे होतात?

कराडची_लेक

नमस्कार मंडळी, जरा टेन्शनमध्ये लिहितेय त्यामुळे काही चुकलं तर समजून घ्या. आई ६१ वर्षांची, कराडला भावाकडे असते, मी पुण्यात. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय तिचं, दोन्ही गुडघे पार गेलेत, जिना चढताना रडते अक्षरशः. ऑपरेशनआधी फिटनेस लागतो म्हणून ईसीजी काढला तर त्यात काहीतरी आलं, मग भूलतज्ज्ञ म्हणाले टू डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून या. इको झाला आणि रिपोर्टमध्ये लिहिलंय एलए मॉडरेटली डायलेटेड, ४४ मिमी, एलए व्हॉल्यूम इंडेक्स ४५, कॉन्सेंट्रिक एलव्हीएच, ग्रेड २ डायस्टॉलिक डिसफंक्शन, माइल्ड एमआर, ईएफ ६० टक्के, क्लॉट नाही. भावाने डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले हृदयाचा वरचा डावा कप्पा मोठा झालाय, कार्डिओलॉजिस्टला दाखवा, बास एवढंच, मागे पेशंटची रांग होती. अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारची मिळालीय.

आता माझा प्रश्न असा की ईएफ ६० म्हणजे पंपिंग चांगलं आहे ना? मग कप्पा मोठा कसा काय झाला? हार्ट अटॅक कधी आलेला नाही. बीपी आहे १४-१५ वर्षांपासून, गोळी चालू आहे पण खरं सांगायचं तर आई आज बरं वाटतंय म्हणून चार चार दिवस गोळी खात नाही आणि मग चक्कर आली की दोन एकदम घेते. शुगर नाही. उंची ४ फूट ११, वजन ६८. दम लागतो का विचारलं तर म्हणते गुडघ्यामुळे चालतेच कुठे दम लागायला. नेटवर वाचलं तर शंभर कारणं निघाली आणि रात्रभर झोप नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

---

जळगाव_फिजिशियन

ताई, आधी झोप काढा. गुरुवारपर्यंत थांबण्यासारखंच हे आहे, मात्र मधेच छातीत दुखलं, बसल्याजागी दम लागला, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर गुरुवारची वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल. मी फिजिशियन आहे पण पेशंट समोर नाही, त्यामुळे हे निदान नाही, रिपोर्ट कसा वाचायचा तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे 'वरचा कप्पा मोठा' हा आजार नाही. ती खूण आहे. भिंतीला ओल आली की आपण भिंतीवर औषध करत नाही, पाणी कुठून मुरतंय ते बघतो, तसंच हे. शाळेत आपण अलिंद आणि निलय शिकलो, आमच्या आधीची पिढी कर्णिका आणि जवनिका म्हणायची. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त डाव्या अलिंदात येतं, तिथून मायट्रल झडपेतून खाली डाव्या निलयात आणि निलय ते अंगभर ढकलतं. निलयाची भिंत जाड, पैलवानासारखी. अलिंदाची भिंत पातळ, तिच्यात जोर कमी, त्यामुळे पुढे रक्त अडलं की ती ताणली जाते. ज्यांनी शेतात दारं धरलीयत त्यांना हे सांगायलाच नको, पुढचं बारं अडलं की मागचा पाट तुंबतो आणि काठ भुसभुशीत असेल तर पसरत जातो. म्हणून प्रश्न नेहमी असा विचारायचा की पुढे काय अडलंय, किंवा मागून जास्त पाणी येतंय का, किंवा पाटच कच्चा आहे का.

तुमच्या आईच्या रिपोर्टमध्ये उत्तर बऱ्यापैकी लिहिलेलं आहे. कॉन्सेंट्रिक एलव्हीएच म्हणजे खालच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झालीय. १५ वर्षं बीपीच्या विरोधात ढकलून ढकलून तो स्नायू कमावला गेलाय पण कमावला तसा कडकही झालाय. आकुंचन छान पावतो, म्हणून ईएफ ६०. पण सैल पडताना नीट सैल पडत नाही, त्यालाच डायस्टॉलिक डिसफंक्शन म्हणतात. खालचा कप्पा सैल पडला नाही की वरून रक्त घ्यायला तो कुरकुर करतो, वरच्या कप्प्यात दाब वाढतो आणि वर्षानुवर्षं हे चाललं की तो फुगतो. त्यामुळे ईएफ चांगला म्हणजे सगळं चांगलं हा जो समज आहे ना तो डोक्यातून काढा. ईएफ उत्तम असूनही हार्ट फेल्युअर होतं, आणि बायका, वय साठच्या पुढे, वजन जास्त, जुना बीपी हा त्याचा अगदी नेहमीचा साचा आहे.

अजून एक, डावं अलिंद आणि फुप्फुसातून येणाऱ्या शिरा यांच्यामध्ये झडप नसते. अलिंदात दाब वाढला की तो सरळ फुप्फुसात जातो. म्हणून आईंना गुडघ्यावरून दम लागतो का हे विचारू नका, असं विचारा की आडवं झाल्यावर गुदमरतं का, उशा एकाच्या दोन झाल्यात का, रात्री उठून खिडकीत बसावं लागतं का, संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुततो का. आणि धडधड होते का, अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी. ते नक्की विचारा.

---

इकोरूम

मी १२ वर्षं इको टेक्निशियन आहे त्यामुळे आकड्यांबद्दल थोडं. लोक ४४ मिमी बघून घाबरतात किंवा ३९ बघून खुश होतात, दोन्ही चूक. मिमीचं माप एकाच दिशेने, पुढून मागे घेतलेलं असतं. बायकांत साधारण ३८ आणि पुरुषांत ४० पर्यंत नॉर्मल धरतात. पण पुढे छातीचं हाड आणि मागे मणका, कप्प्याला त्या दिशेला फुगायला जागाच नसते, तो आधी वरखाली आणि आडवा वाढतो. म्हणून नुसत्या मिमीवर जाल तर फसाल. खरं माप व्हॉल्यूम इंडेक्स, म्हणजे कप्प्यात मावणारं रक्त भागिले अंगाचं क्षेत्रफळ. ३४ पर्यंत नॉर्मल, ३५ ते ४१ माइल्ड, ४२ ते ४८ मॉडरेट, त्याच्या वर सिव्हिअर. काकूंचं ४५ आहे म्हणजे मॉडरेट बरोबर लिहिलंय. उंची वजनावरून अंगाचं क्षेत्रफळ १.६८ येतं म्हणजे कप्प्यात ७५ मिलीच्या आसपास रक्त मावतंय. त्यांच्या अंगाच्या मानाने ५७ पर्यंत चाललं असतं. कटिंग चहाच्या जागी फुल्ल झालाय असं समजा.

आणि ज्यांना फक्त ईसीजीवर 'लेफ्ट एट्रियल एनलार्जमेंट' असं छापून आलंय त्यांनी लगेच मृत्युपत्र करायला घेऊ नका. ते मशीन स्वतःच लिहितं. पी नावाची छोटी लाट रुंद झाली आणि तिला उंटासारख्या दोन वशिंडी दिसल्या की मशीन म्हणतं डावा कप्पा मोठा, लाट उंच टोकदार झाली, अडीच मिमीच्या वर, की म्हणतं उजवा मोठा. बऱ्याचदा इकोत काहीच निघत नाही. उलटही होतं, ईसीजी साफ आणि इकोत कप्पा हा एवढा.

एक आगाऊ सल्ला, इको करताना पेशंटला डाव्या कुशीवर नीट झोपवलं नाही आणि घाईत काढला तर माप चुकतं. दोन रिपोर्टमध्ये २-३ मिमीचा फरक आला तर कप्पा वाढला म्हणून रडू नका, हात बदलला असेल.

---

मिरजेची_मावशी

लेकी तुझ्या आईचं बीपीचं आहे असं डॉक्टर म्हणतायत तर तसंच असेल, पण मी माझं सांगते कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल. माझा डावा कप्पा ५६ होता, वय तेव्हा फक्त ३३. बीपी नाही, वजन ४४ किलो, काही नाही. लहानपणी, चौथीत असेन, घसा सुजून ताप आला होता आणि त्यानंतर दोन तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, तो उतरला की घोटा, मग मनगट, असं फिरत फिरत. आजी म्हणाली वात आहे, तेल चोळलं, गेलं आपोआप. कुणाच्या ध्यानीमनी नाही. ते संधिवाताचा ताप म्हणजे रूमॅटिक फीवर होता. सांधे बरे होतात पण तो जाताना हृदयाच्या झडपेला डाग लावून जातो. आमचे डॉक्टर म्हणायचे सांध्यांना चाटून जातो आणि हृदयाला चावतो.

कळलं कधी, तर दुसऱ्या बाळंतपणात. सहाव्या महिन्यात असा दम लागायला लागला की भाकरी थापता थापता खाली बसायचे. सासूबाई म्हणायच्या पोटुशीला लागतोच दम. एका रात्री खोकल्यातून गुलाबी फेस आला तेव्हा धावपळ झाली. मायट्रल झडप चिकटून अरुंद झालेली, ४ ते ६ चौरस सेमी असायला हवी ती माझी ०.९ होती. पहिल्यात कसं निभावलं देव जाणे.

मग बलून केला. मांडीतल्या शिरेतून तार वर उजव्या कप्प्यात नेतात, दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्याला बारीक भोक पाडून डावीकडे जातात आणि झडपेत फुगा फुगवून ती उघडतात. छाती कापायची नाही. फुले योजनेत बसलं म्हणून झालं, नाहीतर आमच्याकडे कुठले पैसे. दम त्याच दिवशी गेला. पण कप्पा काही पहिल्यासारखा झाला नाही, आता ५१ आहे. चाळिशीनंतर ठोके अनियमित झाले, तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी आणि महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी. दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन, मेलं इतकं दुखतं की बसता येत नाही दोन दिवस. तरी एकही चुकवलं नाही.

---

जळगाव_फिजिशियन

मावशी, तुमची पोस्ट मी आमच्या ओपीडीच्या भिंतीवर लावीन. आपल्याकडे तरुण बाईचा डावा कप्पा मोठा दिसला की पहिला संशय याच झडपेचा घ्यायचा. परदेशातल्या वेबसाइटवर ही गोष्ट यादीत खाली असते कारण तिकडे तो ताप जवळपास संपलाय, आपल्याकडे नाही. ५ ते १५ वयाच्या मुलांचा घसा, त्यातला स्ट्रेप्टोकोकस जंतू, दाटीची घरं आणि अर्धवट सोडलेलं औषध, एवढ्यावर ते सगळं उभं आहे. आणि गरोदरपणात का उघड होतं तर अंगातलं रक्त ४०-५० टक्क्यांनी वाढतं, ठोके वाढतात, झडप तेवढीच अरुंद आणि तिच्यातून रक्त उतरायला मिळणारा वेळ कमी. बलूनबद्दल सांगायचं तर ही पद्धत जपानच्या डॉ. इनोए यांनी १९८४ मध्ये मांडली, आपल्या देशात तिने किती बायकांचे संसार वाचवलेत त्याला हिशोब नाही.

झडप गळकी असली (ताईंच्या रिपोर्टमधला एमआर तो हाच, मायट्रल झडपेची गळती) तरी कप्पा फुगतो बरं का, प्रत्येक ठोक्याला खालचं रक्त परत वर येतं आणि वरच्या कप्प्याला तेवढं जास्त सांभाळावं लागतं. कधीकधी डावा कप्पा इतका मोठा होतो की स्वरयंत्राच्या नसेवर ताण येऊन आवाज घोगरा होतो, ऑर्टनर नावाच्या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी १८९७ मध्येच हे लिहून ठेवलंय. अन्ननलिका तर अगदी त्याच्या पाठीला चिकटूनच जाते, घास अडकल्यासारखं वाटू शकतं. त्याचाच फायदा घेऊन आम्ही दुर्बीण गिळायला लावून मागून कप्प्याचा फोटो काढतो, गुठळी शोधायला त्याच्यासारखं काही नाही.

---

मिरजेची_मावशी

आवाज! माझा आवाज बसायचा की हो त्या वर्षी. मी हळद दूध पीत बसले होते.

---

हरितऔषधी

एवढं घाबरवू नका लोकांना. अर्जुनसाल दुधात उकळून ४० दिवस घ्या, कप्पा जागेवर येईल. माझ्या साडूचा आला. ॲलोपथीच्या गोळ्या एकदा चालू झाल्या की सुटत नाहीत.

---

इकोरूम

साडूचा आधीचा आणि नंतरचा इको टाका इथे. दोन्ही. व्हॉल्यूम इंडेक्ससकट.

---

जळगाव_फिजिशियन

अर्जुनसालीशी माझं वैर नाही दादा, पण चिकटलेली झडप सालीने उघडत नाही आणि १७० चा बीपी साडूच्या अनुभवाने उतरत नाही. शिवाय रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कुठलाही काढा डॉक्टरला सांगितल्याशिवाय घेऊ नका. मावशींची जी आयएनआरवाली गोळी आहे तिचं तर रोजच्या पालेभाजीशीसुद्धा गणित असतं. मेथी पालक खायचीच नाही असं नव्हे, एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असं करायचं नाही. आणि गोळ्या सुटत नाहीत म्हणता ते बीपीच्या बाबतीत खरंय. बीपीच सुटत नाही तर गोळी कशी सुटेल.

---

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीत माझी वेगळीच तऱ्हा झाली, लिहू का नको करत होतो. वय ४९, वजन १०४, बीपी गोळीने बरा, झडपा चांगल्या, तरी डावा कप्पा मोठा. कार्डिओलॉजिस्टने मला काही न विचारता बायकोला विचारलं हा घोरतो का. बायको हसायलाच लागली. ती गेली सहा वर्षं दुसऱ्या खोलीत झोपते. रात्रीची तपासणी केली तर तासाला ३८ वेळा माझा श्वास थांबत होता. त्यांनी समजावलं ते असं की घसा बंद आणि छाती आतून श्वास ओढतेय, त्या ओढीने छातीत उणा दाब तयार होतो आणि पातळ भिंतीचा वरचा कप्पा बाहेरच्या बाजूला ताणला जातो, रात्रीतून शेकडो वेळा. वरून ऑक्सिजन पडतो, बीपी चढतो. आता हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन लावून झोपतो, दिसतो फायटर पायलटसारखा. दुपारी मीटिंगमध्ये डुलक्या यायच्या त्या बंद झाल्या. कप्प्याचं म्हणाल तर पुढच्या इकोत कळेल. कराडच्या ताई, आई घोरतात का ते बघा, वजनाचा अंदाज बघता विचारण्यासारखं आहे. भूल देणाऱ्यांनाही हे माहीत असलेलं बरं.

---

घाटातला_धावपटू

इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. मी ३८, आठ वर्षं धावतोय, सातारा हिल हाफ पाच वेळा केली, आठवड्याला ६०-७० किमी होतात. ऑफिसच्या चेकअपमध्ये एलए ४२, बाकी सगळं नॉर्मल, बीपी ११० ला ७०, नाडी ४८. एचआरवाल्यांनी मेल केला प्लीज कन्सल्ट कार्डिओलॉजिस्ट. घरी बायकोने बूट लपवलेत.

---

जळगाव_फिजिशियन

लांब पल्ल्याच्या खेळाडूंमध्ये चारही कप्पे थोडे मोठे होतात, पंपातून जास्त रक्त फिरवायची सवय लागते म्हणून. झडपा ठीक, भिंत सैल पडतेय, दाब वाढलेला नाही असं असेल तर ४२ ला आजार म्हणत नाहीत. कार्डिओलॉजिस्टला एकदा दाखवून तेवढं लिहून घ्या आणि बूट परत मागा. फक्त एक लक्षात ठेवा, वर्षानुवर्षं फार जास्त धावणाऱ्या पुरुषांत पुढे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांचे ठोके बेताल होणं, जरा जास्त दिसतं. त्यामुळे धावताना ठोके एकदम वेडेवाकडे झाले, घड्याळावर नाडी मधेच १९० दाखवायला लागली तर घड्याळाला शिव्या देऊन पुढे पळू नका.

---

दापोली_एक्सप्रेस

सगळे डाव्याबद्दलच बोलतायत, उजव्याला कोण वाली आहे की नाही 😄 माझ्या बहिणीचा उजवा कप्पा मोठा निघाला, वय ३४. कारण म्हणजे वरच्या दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्याला जन्मापासून भोक, एएसडी म्हणतात. डावीकडे दाब जास्त असतो त्यामुळे शुद्ध रक्त भोकातून उजवीकडे येत राहतं आणि उजवी बाजू फुकटचा डबल बोजा वाहते. ३४ वर्षं कुणाला पत्ता नाही, फक्त लहानपणी वरचेवर सर्दी खोकला आणि खेळात लवकर थकायची, घरचे म्हणायचे आळशी आहे. तिला अजूनही तो शब्द टोचतो. छत्रीसारखं एक उपकरण मांडीतून नेऊन भोक बुजवलं, तिसऱ्या दिवशी घरी.

आणि आमच्या आत्याचा पण उजवाच मोठा होता, तिचं कारण वेगळं. सगळं आयुष्य चुलीपुढे गेलं, ओली लाकडं, खिडकी नाही. कधी बिडी ओढली नाही पण फुप्फुसं ओढणाऱ्यासारखी झाली. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढला की उजव्या बाजूला पुढे ढकलणं जड जातं. शेवटी पाय, पोट सगळं सुजायचं. गॅस आला घरात पण फार उशिरा.

---

जळगाव_फिजिशियन

वा, हे राहिलंच होतं. उजवा कप्पा मोठा दिसला की फुप्फुसांकडे आणि मधल्या पडद्याकडे बघायचं. डावी बाजू फार वर्षं तुंबली की दाब फुप्फुसातून मागे मागे जात उजवीकडेही पोचतो, तेव्हा दोन्ही वरचे कप्पे मोठे लिहून येतं. ते यायच्या आधी डावीकडचं आवरायचं.

बाकी कारणं भराभर सांगतो. थायरॉइड वाढलेला, खूप दिवसांचा ॲनिमिया, किडनी फेल असणं, मोठा हार्ट अटॅक येऊन पंप कमजोर होणं, आणि कधीतरी स्नायूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठणं. सगळ्यांचे टेस्ट सगळ्यांना लागत नाहीत.

पण एट्रियल फिब्रिलेशनवर थोडं थांबतो. हा कारणही आहे आणि परिणामही. कप्पा ताणला की त्यातल्या विजेच्या वाटा बिघडतात आणि तो आकुंचन पावायच्या ऐवजी नुसता थरथरतो, थरथरत राहिला की अजून फुगतो. १९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये शेळ्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं की हा बिघाड जेवढा जास्त वेळ चालू ठेवाल तेवढा तो जास्त वेळ टिकतो, स्वतःच स्वतःला पोसतो. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, विशेषतः त्याला कानासारखी एक पिशवी असते तिच्यात, तिथे गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की लकवा. लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो. म्हणून मोठा कप्पा दिसला की मी कप्प्यापेक्षा ठोक्यांच्या मागे जास्त लागतो. ताई, गुरुवारी होल्टरचं विचारा, २४ तासांची पट्टी असते, कारण हा प्रकार येतो जातो, दहा सेकंदाच्या ईसीजीत सापडेलच असं नाही.

---

कराडची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, गुरुवार होऊन गेला आणि अजून आठ दिवस गेले, आता लिहायला बसलेय. तुम्ही सांगितलेले प्रश्न आईला जसेच्या तसे विचारले. उशा दोन झाल्यात, दिवाळीपासून, मानेला बरं वाटतं म्हणून घेते म्हणाली. घोरते का विचारलं तर माझा भाचा म्हणाला आजी ट्रॅक्टर आहे. आणि धडधड, तर ती म्हणे होते की अधूनमधून, गॅस वर चढतो तेव्हा, ओवा खाल्ला की थोड्या वेळाने जातो. वर्षभर ती ओवा खातेय!!

कार्डिओलॉजिस्ट बाई फार छान भेटल्या, वीस मिनिटं दिली. त्यांनी इको परत स्वतः केला, झडप चिकटलेली नाही, गळती माइल्डच आहे, कारण बीपीच. तिथे बीपी १७४ ला ९६ होता. होल्टर लावला आणि त्यात एका रात्री अडीच तास ते एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. आईला काही कळलंच नाही, झोपली होती. थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन १०.२, किडनी ठीक. रक्त पातळ करायची गोळी चालू केलीय, मावशींसारखी आयएनआरवाली नाही, दिवसातून दोनदा घ्यायची आहे ती, महिन्याला रक्त तपासायला नाही लागत म्हणाल्या. बीपीची गोळी बदलून दोन औषधं एकत्र असलेली एकच दिली, सकाळी दात घासल्यावर. झोपेची तपासणी पुढच्या महिन्यात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यातच लोणचं, पापड, सांडगे, खारे दाणे सगळं मोजायचं. आईने तिथेच विचारलं मग जेवायचं काय.

मी विचारलं कप्पा परत लहान होईल का. म्हणाल्या बीपी आटोक्यात राहिला, वजन उतरलं तर थोडा कमी होऊ शकतो, पूर्वीसारखा होईलच असं नाही, पण वाढायचा थांबला तरी आपण जिंकलो. गुडघ्याचं ऑपरेशन रद्द नाही, दोन तीन महिने पुढे ढकललंय.

मावशी, तुमची पोस्ट मी आईला मोठ्याने वाचून दाखवली, इंजेक्शनचं आलं तिथे गप्प झाली. डॉक्टर, एक विचारायचं राहिलं, ती रक्त पातळची गोळी ऑपरेशनच्या आधी बंद करावी लागेल ना? किती दिवस?

---

जळगाव_फिजिशियन

ओव्याने जात नव्हतं ताई, ते आपोआप थांबत होतं. बरं झालं सापडलं. गोळी ऑपरेशनआधी काही दिवस थांबवतात, पण नेमकी कधी थांबवायची आणि परत कधी चालू करायची हे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि तुमच्या कार्डिओलॉजिस्ट बाई तिघं मिळून किडनी बघून ठरवतील, कागदावर तारीख घालून घ्या. तोपर्यंत एकही डोस चुकवायचा नाही. बीपीची गोळी चुकवायची जी सवय आहे ती या गोळीला लावली तर महागात पडेल, हिचा असर १२ तासांत ओसरायला लागतो. डबी आणा, सात दिवसांची, सकाळ संध्याकाळ असे खण असलेली. आणि हिमोग्लोबिन १०.२ का आहे ते पण बघून घ्या, कुठून रक्त जातंय का, रक्त पातळची गोळी चालू आहे म्हणून जास्त सांगतोय.

---

कराडची_लेक

डबी आणली. भाच्याला काम दिलंय, रोज रात्री खण रिकामा झाला का बघायचं आणि मला फोटो पाठवायचा. पहिल्याच दिवशी फोटोत संध्याकाळची गोळी होती तशीच दिसली, फोन केला तर आई म्हणते अगं आज बरं वाटत होतं.

---

मिरजेची_मावशी

दे तिला माझा नंबर. मेसेज करते तुला.